चेहरा नंतर, आधी काम ठरवा

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी अडलेल्यांची आहेत: ऑनलाइन रोलप्लेइंग गेममध्ये पहिलं कॅरेक्टर बनवायचा तो पडदा. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत.

ताई, माझी भाची आणि तिचं मित्रमंडळ फायनल फॅन्टसी फोर्टीन खेळतं. त्यांच्यात सामील व्हायचं म्हणून मी फ्री ट्रायल उतरवून घेतली, पण अजून गेममध्ये शिरलेच नाहीये. वंश निवडा, कुळ निवडा, जन्मदिवस सांगा, देवता निवडा, क्लास निवडा, वर्ल्ड निवडा. भाची म्हणते, "मावशी, काहीही घे गं!" पण काहीही घेतलं आणि पुढे पस्तावायची वेळ आली तर?

भाची निम्मी बरोबर आहे. गंमत अशी की गेम हे सगळे प्रश्न एकाच गंभीर आवाजात विचारतो, त्यामुळे सगळे सारखेच मोठे वाटतात. बारा देवतांपैकी तुम्ही कुणाला हात जोडलेत याने खेळण्यात काडीचा फरक पडत नाही. जन्मदिवसाचंही तेच. वंशामुळे सुरुवातीच्या आकड्यांत थोडं इकडेतिकडे होतं, पण लेव्हल चढत गेल्या की ते कुणाच्या खिजगणतीतही राहत नाही.

क्लासच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या कामाच्या, बाबतीत हा गेम विशेष उदार आहे. एकच कॅरेक्टर सगळी कामं शिकू शकतं. हातातलं शस्त्र बदललं की काम बदललं. पहिल्या क्लासची दहाव्या लेव्हलची क्वेस्ट (कामगिरी) पार पडली की दुसऱ्या क्लासच्या गिल्डमध्ये जाऊन नाव नोंदवायचं, बस. म्हणजे आत्ता तुम्ही जे निवडाल त्यावर ठरतं ते मुख्यतः सुरुवातीचं शहर. ग्लॅडिएटर, प्युजिलिस्ट आणि थॉमाटर्ज उल्दाहमध्ये सुरू होतात, आर्चर, लान्सर आणि कॉन्जरर ग्रिडानियात, मरॉडर आणि आर्केनिस्ट लिम्सा लोमिन्सात. कथा साधारण पंधराव्या लेव्हलपर्यंत आली की हवाई जहाज मिळतं आणि तिन्ही शहरं तुमचीच होतात.

मला विचाराल तर आर्केनिस्ट घ्या. तिसाव्या लेव्हलला त्यातून दोन वाटा फुटतात: समनर, म्हणजे मारामारीचं काम, आणि स्कॉलर, म्हणजे जखमा भरून काढण्याचं. दोघांची लेव्हल एकत्रच वाढते. एकट्यानं कथा खेळताना समनर व्हा, भाचीच्या टोळीला हीलर कमी पडला की स्कॉलर व्हा. मी स्वतः वर्षानुवर्षं हीलर खेळते, त्यामुळे या सल्ल्यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. आमची जमात कायमच अपुरी पडते.

आता भाचीची चुकलेली निम्मी बाजू. वर्ल्ड, म्हणजे तुमचं कॅरेक्टर जिथे राहतं तो सर्व्हर, मात्र "काहीही" घेऊ नका. दुसऱ्या वर्ल्डवर फेरफटका मारता येतो, २०२२ पासून दुसऱ्या डेटा सेंटरवरही (वर्ल्डांच्या दुसऱ्या गटातही) जाता येतं, पण फ्री कंपनी, म्हणजे खेळाडूंचा कायमचा संघ (इतर गेममध्ये यालाच गिल्ड म्हणतात), फक्त आपल्या घरच्या वर्ल्डवरच्या लोकांना आत घेते, आणि घर हलवायला वेगळे पैसे पडतात. ट्रायलवर असेपर्यंत तुम्हाला फ्री कंपनीत जाताच येत नाही, स्वतःची पार्टी, म्हणजे खेळापुरती टोळी, हीसुद्धा उघडता येत नाही. बोलावणं भाचीनंच पाठवायचं. पण उद्या पूर्ण गेम घेतलात की याच वर्ल्डचा प्रश्न पुढे उभा राहील. तेव्हा आधी तिच्याकडून वर्ल्डचं नाव अक्षर न् अक्षर लिहून घ्या आणि तेच निवडा. गर्दीच्या वर्ल्डवर नव्या कॅरेक्टरला मज्जाव असतो. तसं दिसलं तर वैतागून शेजारचं वर्ल्ड घेऊ नका, कमी गर्दीच्या वेळी पुन्हा बघा.

आणि चेहरा. या गेममध्ये कथेची दृश्यं इतकी आहेत की चेहरा खरोखरच जवळून आणि पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून त्यावर वेळ घालवलात याला मी नावं ठेवणार नाही. एकच करा. क्रिएशनच्या पडद्यावर मागची पार्श्वभूमी बदलायची सोय आहे, ती वापरून उजेडात आणि अंधारात दोन्हीकडे तोंड बघून घ्या. एका उजेडात मोहक वाटणारी गालाची हाडं दुसऱ्या उजेडात आजारी दिसतात. पसंत पडलं की रूप सेव्ह करून ठेवा. केस आणि रंगरंगोटी पुढे गेममधला केशभूषाकार बदलून देतो. वंश, उंची, जबडा असलं मूळचं काही बदलायला फँटेजिया नावाची बाटली लागते. मुख्य कथेत पुढे एक फुकट मिळते, त्यानंतरच्या विकतच्या. फक्त व्हिएरा किंवा ह्रॉथगार घेणार असाल आणि टोप्यांची हौस असेल तर आत्ताच सांगते: या दोन वंशांच्या डोक्यावर काही टोप्या दिसतच नाहीत. कानांमुळे म्हणे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट सुरू करतोय. मला टँक व्हायचंय. ज्याला विचारावं तो म्हणतो, नवख्यानं आधी डॅमेज खेळावं, टँक चुकला की सगळे मरतात आणि शिव्या खातो. हे खरं आहे का? आणि टँकसाठी कोणता क्लास घेऊ?

शिव्यांचं खरं आहे. बाकीचं अर्धवट.

पाच जणांच्या डन्जनमध्ये, म्हणजे टोळीनं पार करायच्या शत्रूंनी भरलेल्या जागेत, एक टँक (शत्रूंचा मार स्वतःवर ओढून घेणारा), एक हीलर आणि तिघं डॅमेजवाले (शत्रूला मारणारे) असतात. टँकला रस्ता माहीत असावा, शत्रूंचे किती घोळके एका वेळी अंगावर घ्यायचे हे त्यानं ठरवावं आणि बॉसचं तोंड बाकीच्यांपासून दुसरीकडे फिरवून ठेवावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. डॅमेजवाला नवखा असला तर लढाई लांबते. टँक नवखा असला तर सगळ्यांना कळतं. लोक घाबरवतात ते यामुळे. पण ज्याला पुढे राहून वेग ठरवायला आवडतं त्याला मागे उभं करून बाण मारायला लावलं, तर तो गेमच सोडतो. मी असे बरेच पाहिलेत.

शिकायची सोयही आता चांगली आहे. २०२४ पासून या गेममध्ये फॉलोअर डन्जन आहेत, म्हणजे तुमच्याबरोबरचे चौघं गेमनंच चालवलेले. ते शिव्या देत नाहीत, घाईही करत नाहीत. तिथे जाऊन एकच गोष्ट घोटा. दाराशी थांबा. समोर किती घोळके आहेत ते बघा. सगळ्यात जवळच्या घोळक्याला लांबूनच एक फटका मारा आणि लगेच मागे फिरून कोपऱ्याआड जा. तलवारवाले धावत येतील. जादूगार आणि धनुर्धारी मात्र लांबूनच मारायला बघतात. तुम्ही नजरेआड झालात की त्यांनाही नाइलाजानं कोपऱ्यापर्यंत यावं लागतं. सगळे एका जागी गोळा झाले की मग तुमचं काम सुरू. हीलरच्या जागेवरून सांगते, हे करणारा टँक दिसला की मी निवांत होते, मग त्याचं गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखत, कितीही फाटकं असो.

क्लासचं म्हणाल तर इथे जपून. फायनल फॅन्टसीसारखं इथे नाही. क्लास बदलता येत नाही. वेगळा हवा तर नवं कॅरेक्टर. क्लासच्या आतली स्पेशलायझेशन, म्हणजे कामाच्या शाखा, मात्र लढाई चालू नसताना हवी तेव्हा बदलता येतात. म्हणून पहिलं कॅरेक्टर असं घ्यावं ज्याच्या पोटात बरीच कामं आहेत. ड्रुइड, पॅलाडिन आणि मंक हे तिघं टँक, हीलर, डॅमेज सगळं करतात. वॉरियर टँक आणि डॅमेज करतो. मेज, हंटर, रोग आणि वॉरलॉक टँकही होऊ शकत नाहीत आणि हीलरही नाहीत, तेव्हा ते तुमच्या यादीतून बाद. माझं मत पॅलाडिनला: टँकिंग अंगी लागलं नाही तर त्याच कॅरेक्टरवर मागे सरकता येतं, आणि अंगावर जाड चिलखत असल्यानं नवख्याच्या चुका खपून जातात.

अलायन्स की होर्ड, गेममधल्या या दोन विरोधी पक्षांपैकी कोणता, याचा पूर्वीइतका घोर करू नका. २०२२ पासून दोन्हीकडचे लोक एकत्र डन्जन करू शकतात आणि २०२३ पासून एकाच गिल्डमध्येही राहू शकतात. पैसे भरायची घाईही नको; विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं आणि आपल्याला पुढे राहणं आवडतं की नाही हे तेवढ्यात समजतं.

एका जुन्या गाइडमध्ये वाचलं की सुरुवातीला पॉइंट्स चुकीच्या स्टॅटमध्ये (गुणात) टाकले तर कॅरेक्टर कायमचं वाया जातं. मी गिल्ड वॉर्स टू उघडला तर पॉइंट्स वाटायचा पडदाच दिसला नाही. माझं काही राहून गेलंय का?

काहीही राहिलेलं नाही. ती भीती वेगळ्या काळातली आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला, त्यात तीन फासे टाकून ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा गुण ठरत. पुढे संगणकावरच्या खेळांनी फाशांऐवजी पॉइंट्स वाटायला दिले आणि कित्येक गेममध्ये ते खरोखरच काळ्या दगडावरची रेघ असायचे. आता बहुतेक मोठ्या ऑनलाइन गेमनी ही डोकेदुखी काढून टाकली आहे किंवा पॉइंट्स परत घ्यायची सोय ठेवली आहे. फायनल फॅन्टसी फोर्टीननं २०१७ मध्ये तो पडदाच बंद केला. गिल्ड वॉर्स टूमध्ये आकडे मुख्यतः गिअरमधून येतात.

त्या गेममध्ये सुरुवातीला जे चार-दोन प्रश्न विचारतात, घराणं कोणतं, स्वभाव कसा, त्यानं तुमची वैयक्तिक कथा बदलते, ताकद नाही. मनाला येईल ते उत्तर द्या. एकच व्यावहारिक सूचना: तिथे उड्या मारत चढायची कोडी आहेत आणि पाच-सात वेळा पडल्याशिवाय ती सुटत नाहीत. आडदांड चार्र किंवा नॉर्न वंश घेतलात तर अरुंद भुयारात कॅमेरा तुमच्याच पाठीत घुसतो आणि पुढची पायरी दिसेनाशी होते. उड्यांची आवड असेल तर बुटका असुरा घ्या. तसाही खेळताना तुम्हाला स्वतःच्या कॅरेक्टरची पाठच दिसत असते.

मी पुरुष आहे, पण मला स्त्री कॅरेक्टर आवडतं. लोक काय म्हणतील?

काही म्हणणार नाहीत. निम्म्यांना ते कॅरेक्टर तुमचं आहे हे लक्षातही राहणार नाही, ते तुमच्या नावाखालची, जीव किती उरलाय ते दाखवणारी हिरवी पट्टी बघत असतात. कुणी खोदून विचारलंच तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

कोणताच क्लास नको वाटतो. बांधून घेतल्यासारखं होतं. काय खेळू?

ओल्ड स्कूल रुनस्केप. त्यात क्लासच नाही. पहिल्याच बेटावर मासे पकडणं, खाणकाम, तलवार, जादू सगळ्याची चव देतात आणि मग मोकळं सोडतात. जे करत राहाल ते वाढतं. दुसरा पर्याय ईव्ह ऑनलाइन. तिथे कौशल्यं घड्याळावर वाढतात, तुम्ही झोपलेले असताना सुद्धा. पण तो गेम नवख्याला हात धरून नेत नाही आणि तिथली माणसं फसवाफसवीत तरबेज आहेत. आधी रुनस्केप.

सगळं झालं, फक्त नाव सुचत नाही. काही युक्ती?

नाव घेण्याआधी ते मोठ्यानं ओरडून बघा. हसू नका. व्हॉइस चॅटवर कुणाला "मागे हो!" सांगायला अर्धा सेकंद मिळतो, तेवढ्यात तुमचं नाव तोंडातून निघायला हवं. आमच्या टोळीत एकानं एल्फांच्या थाटाचं, मध्ये क्ष आणि थ्र असलेलं लांबलचक नाव घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो सगळ्यांसाठी "क्षऱ्या" झाला आणि आजतागायत तोच आहे. दोन किंवा तीन अक्षरी उच्चाराचं नाव उत्तम.

शिवाय लोकांना ते टाइप करता आलं पाहिजे. पार्टीचं बोलावणं किंवा खासगी निरोप पाठवताना स्पेलिंग लागतं. एकाच्या जागी दुसरं दिसणारी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर टाळा. नियमही आधी बघा: वॉरक्राफ्टमध्ये बारा अक्षरांपर्यंतचा एकच शब्द चालतो, फायनल फॅन्टसी फोर्टीन नाव आणि आडनाव दोन्ही मागतो, गिल्ड वॉर्स टू मोकळी जागा सोडू देतो. रोलप्लेचा सर्व्हर असेल, म्हणजे जिथे लोक कॅरेक्टरच्या भूमिकेतच बोलतात, तर तिथली मंडळी नावाबद्दल हळवी असतात, विनोदी नाव घेतलंत तर कुणी बोलायला येणार नाही.

स्वतःचं खरं नाव, जन्मसाल किंवा ईमेलचा पहिला भाग मात्र कॅरेक्टरला देऊ नका. आणि पहिल्या पसंतीचं नाव आधीच कुणी घेतलेलं निघालं तर त्याच्या शेवटी तीन एक्स लावून ते वाचवायचा प्रयत्न करू नका, दुसरं शोधा.