डिपॉझिटच्या पैशातून बाँडची फर्स्ट एडिशन्स घ्यावीत का?

तुमचा मेल वाचला. लंडनजवळच्या स्लाउमध्ये भाड्याने राहताय, वय ३४, दीड वर्षात घर घ्यायचंय, डिपॉझिटसाठी (घर घेताना स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेसाठी) १६ हजार पाउंड जमलेत आणि त्यातले ७ हजार घालून इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँडची सहा फर्स्ट एडिशन्स, म्हणजे पहिल्या छपाईच्या प्रती, घेऊ का, 'पुढे भाव वाढतीलच ना' असं विचारताय.

या पैशातून नका घेऊ.

भाव वाढतीलही, पण वाढलेला भाव तुमच्या हातात किती येतो ते बघा ना. समजा लिलावात विकलं आणि कमिशन १५ टक्के धरलं, वर त्यावर व्हॅट, म्हणजे १८ टक्के गेले, तर ७ हजार परत मिळायलाच बोली साडेआठ हजारांवर जायला हवी, आणि घेणारा बोलीच्या वर लिलाववाल्यांना २५ टक्के प्रीमियम (त्यांची फी) भरत असेल तर त्याच्या खिशातून जवळपास १० हजार ६७० जाणार, तेव्हा कुठे तुमची मुद्दल सुटणार, नफा शून्य!

आता त्या सहा पुस्तकांचा लॉट. १९५३ च्या 'कसिनो रोयाल'च्या पहिल्यांदा ४,७२८ प्रतीच निघाल्या, त्यातल्या बऱ्याच लायब्रऱ्यांत गेल्या, म्हणून त्याला मान, पण खरी किंमत त्याच्या कागदी जॅकेटची (पुठ्ठ्यावरच्या सुट्या वेष्टनाची) आणि तुमच्या प्रतीला नेमकं तेच नाहीये. बाकीची पाच १९६० नंतरची, तोवर बाँड लोकप्रिय झालेला, १९६२ मध्ये तर सिनेमाही आला, त्यामुळे कितीतरी जास्त प्रती छापायचे. अपवाद १९६५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'चा, त्याच्या सुरुवातीच्या मोजक्या प्रतींच्या पुठ्ठ्यावर सोनेरी पिस्तूल उमटवलंय. तुमच्या यादीत तसा उल्लेख नाही, आणि असता तर विकणाऱ्याने तो सगळ्यात आधी सांगितला असता :)

त्यापेक्षा लाइफटाइम आयसामध्ये (पहिल्या घरासाठी वापरता येणारं ब्रिटनमधलं बचत खातं) वर्षाला ४ हजार टाका, सरकार वर हजार देतं. घर घेण्याआधी खात्यात पहिले पैसे टाकून बारा महिने झालेले हवेत, म्हणून याच महिन्यात उघडा आणि पैसे टाका. घर साडेचार लाखांच्या आतलं हवं. आणि पुण्यात वगैरे तुमच्या नावावर फ्लॅट असेल, आईबाबांसोबत जॉइंट का असेना, तर घरासाठी हे चालत नाही, जगात कुठेही घर असलं तरी पहिलं घर धरत नाहीत.

पुस्तकांचा नाद सोडा म्हणत नाहीये हो. महिन्याला ५०-१०० बाजूला टाका, वर्षा-दोन वर्षांनी जॅकेटवालं एकच घ्या. पैसे देण्याआधी कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागवा, 'सेकंड इम्प्रेशन' (म्हणजे दुसरी छपाई) दिसलं की सोडून द्या, आणि जॅकेट ओरिजिनल आहे, नंतर छापलेली नक्कल नाही, हे लेखी घ्या.