पऱ्हाटीचं झाड, कामट्यांचा तारा

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, सलाम. आमचं घर नवापूर तालुक्यात. कुडाच्या भिंती, वर कौलं. पुढे वीस बाय पंधरा फुटांचं अंगण, मधोमध निंब आणि निंबाला बांधलेल्या तीन शेळ्या. यंदा २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या रात्री, गाणी म्हणणारी मंडळी आमच्या अंगणात थांबणार आहेत. चाळीसेक माणसं असतील. मालक सुरतेला कामाला असतात, ते २३ला रात्री पोचतील. सजावटीसाठी माझ्याकडे सातशे रुपये आहेत. बाजारात माळा, घंट्या, चमकीच्या झुरमुळ्या बघून आले, पण तेवढ्यात अंगणाचा एक कोपराही होत नाही. त्यात सासूबाई म्हणतात, रांगोळी-पणत्या काही नको, ते दिवाळीचं. मग करू तरी काय?

उत्तर : सातशे पुष्कळ झाले. त्यातले दोनशे आत्ताच वेगळे काढून डब्यात टाका. ते चहा, साखर, आलं आणि गुळाचे. थंडीतून चालत आलेल्या माणसाला आधी कप दिसतो, झुरमुळी नंतर.

आता उरलेल्या पाचशेचं बोलू. तुम्ही बाजारात गेलात दिवसा, आणि मंडळी येणार रात्री. रात्री अंगण दिसत नाही, उजेड पडतो तेवढंच दिसतं. म्हणून वीस बाय पंधरा फूट सजवायचा विचारच सोडून द्या. एक तारा करायचा आणि त्याच्या खाली एक जागा. बाकी अंगण झाडून-सारवून मोकळं ठेवा. चाळीस माणसांना उभं राहायला ते लागणारच आहे.

माझे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. डिसेंबर लागला की क्वार्टरच्या ओट्यावर बांबू चिरायला बसायचे. तारा विकत आणलेला मी त्या घरात कधी बघितला नाही. त्यांची रीत सांगते, कारण तुमच्या भागात बांबूला तोटा नाही.

बांबू ओला असतानाच चिरा. वाळला की कामटी वाकत नाही, मोडते. दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या काढा, अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंद, आणि कडा विळ्याने तासून घ्या, नाहीतर बोटात कूस जाते. पाच कामट्या जमिनीवर मांडा. पोरं पाटीवर हात न उचलता चांदणी काढतात, अगदी तशी. कामट्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्या पाहिजेत, म्हणजे चांदणी पसरत नाही. पाचही टोकं बांधा. वडील सुतळी वापरत नसत. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायचे आणि ताणून गुंडाळायचे. पंक्चरवाल्याकडे तुकडे फुकट मिळतात. उरलेल्या पाचांची अशीच दुसरी चांदणी करा. दोन्ही एकीवर एक ठेवून फक्त टोकं जोडा. मग मधे कामट्या जिथे एकमेकींना ओलांडतात त्या पाच जागी पाच-पाच इंचांचे तुकडे उभे घाला. चपटा तारा एकदम पोट फुगवतो. लहानपणी मला ही जादू वाटायची आणि मी दर वर्षी शेवटचा तुकडा माझ्यासाठी राखून ठेवायला लावायची.

वडील वर पतंगाचा कागद लावायचे. त्याचं दुखणं म्हणजे दव. तापीकाठच्या गारठ्यात २५च्या सकाळी आमचा तारा भिजलेल्या पापडासारखा लोंबायचा. तुम्ही कागद घेऊच नका. घरात जुनं पांढरं धोतर किंवा विरलेली सुती साडी असेल ती फाडा, कणकेची पातळ खळ करून कामट्यांवर ताणून चिकटवा. वाळली की ढोलकीसारखी टणक होते. मागच्या बाजूचा एक त्रिकोण उघडा ठेवा, बल्ब आत घालायला.

पैसे खर्च करायचे ते इथे, आणि इथे काटकसर करायची नाही. घरातल्या सॉकेटपासून ताऱ्यापर्यंत पुरेल अशी एकसंध वायर घ्या. मधे जोड नको. जोडावर चिकटपट्टी लावली तरी दवाचं पाणी आत उतरतं, आणि खाली ओल्या सारवणावर अनवाणी पोरं असतात. होल्डरचं तोंड खाली राहू द्या. बल्ब पाच वॅटचा एलईडी. तो फारसा तापत नाही, कापड करपत नाही. मागच्या डिसेंबरात मला वायर, होल्डर, पिन आणि बल्ब मिळून तीनशेच्या आतबाहेर लागले. हा बल्ब २४ डिसेंबरपासून नाताळचे दिवस संपतात त्या ६ जानेवारीपर्यंत रोज बारा तास जाळला, तरी एक युनिटही वीज होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणत खांबावर आकडा टाकतो. आपल्याला त्याची गरज नाही.

तारा निंबाला बांधू नका, पानांत हरवतो. अंगणाच्या तोंडाशी उंच बांबू रोवून त्यावर चढवा. वळणावरून येणाऱ्या माणसाला आधी तो दिसला पाहिजे.

आता खालची जागा. बाळंत्याने गुंडाळलेल्या बाळ येशूला कुठे ठेवलं, तर गव्हाणीत. पवित्र शास्त्रातला शब्दच आपल्या गोठ्यातला आहे. शहरातली मंडळी तो देखावा करायला थर्माकोलची गुहा शोधत फिरतात. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तरी शोधतात. तुमच्याकडे खरी गव्हाण आहे, ती घासून धुऊन निंबाखाली आणा. असा देखावा मांडण्याची रीत जिच्यावरून पसरली, ती गोष्ट १२२३ सालची. इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री चारा घातलेली गव्हाण ठेवली आणि शेजारी खरा बैल, खरं गाढव उभं केलं. तुमच्या शेळ्या चालतील की!

मात्र चाऱ्यापासून लांब बांधा. आम्ही शाळेत एकदा कडबा पसरून सुरेख देखावा केला होता. मी चित्रकलेची शिक्षिका, त्यामुळे ऐट फार. मधल्या सुट्टीत कोणाची तरी शेळी आत आली. तिने कडबा खाल्लाच, बाळाचं फडकंही अर्धं चघळलं.

पोळ्याचे मातीचे बैल घरात कुठेतरी फळीवर असतीलच, ते मांडा. मरिया, योसेफ आणि मेंढपाळ मातीचे करा. नाक-डोळे काढू नका, नवशिक्याचे डोळे नेहमी घाबरलेले येतात. पदर आणि मुंडासं नीट जमलं की पुरे. ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेले मागी लोक दोनच जमले तरी खंत करू नका. ते किती होते हे मत्तयने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलंच नाही. तीन आपण धरले, भेटी तीन म्हणून.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. माझ्या माहेरीही रांगोळी नव्हती. आजी म्हणायची, आपण ते सोडलं. मी सासरी आले तर इथे दारात रांगोळी असायची, आणि दोन्ही घरची माणसं एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एकाच बाकावर बसत. मला स्वतःला विचाराल तर दिवा कोण्या एका सणाच्या मालकीचा नाही. पण घर त्यांचं आहे. तेव्हा असं करा, सारवण त्यांच्याकडे सोपवा. २३च्या सकाळी सारवायचं, म्हणजे २४ला कोरडं खणखणीत होतं. जुन्या बायका शेणाचा हात फिरवताना बोटांचे अर्धगोल असे उठवतात की ओळीने पंखे मांडल्यासारखे दिसतात. ते मला तेहतीस वर्षं चित्रकला शिकवून जमलेलं नाही. ताऱ्याचा उजेड तिरपा पडला की ती बोटं उठून दिसतात. कडेने पांढऱ्या मातीचा एक पट्टा ओढा. ती भिंतीला लावायचीच माती, तिला त्या रांगोळी म्हणणार नाहीत.

मालक २३ला रात्री दमून येणार. त्यांच्यासाठी बांबू रोवायचं एवढंच काम ठेवा.

प्रश्न : मागच्या नाताळला जळगावात नर्सरीतून लाल पॉइन्सेटियाची कुंडी आणली होती. वर्षभर जगवली, चांगली फोफावली, पण डिसेंबर आला तरी सगळी हिरवीच. खत कमी पडलं का? की अंगणासाठी दुसरी घेऊ?

उत्तर : खताचा दोष नाही. तुमची कुंडी कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते, फाटकाजवळ, रस्त्याच्या दिव्याखाली.

त्या झाडाचं लाल म्हणजे फूल नव्हे, ती पानंच. फुलं मधली पिवळी, बाजरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. मूळचं मेक्सिकोचं हे झाड रात्र मोठी झाली की पानं लाल करतं. त्याला सलग चौदा तासांचा गडद अंधार लागतो आणि तोही आठेक आठवडे रोज. मधे रस्त्यावरचा दिवा लागला की झाड समजतं, अजून उन्हाळाच आहे.

या वर्षी ते होणार नाही. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सुरुवात करा. संध्याकाळी सहाला वर मोठं खोकं पालथं घालायचं, सकाळी आठला काढायचं, दिवसा भरपूर ऊन द्यायचं. एक दिवस विसरलात तर रडू नका, चार दिवस विसरलात तर झाड रुसतं. छाटताना पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला तर खाज सुटते. हात धुवा, डोळे चोळू नका.

दुसरी घेण्यात पैसे घालवू नका. शेवंती या दिवसांत भरपूर येते. पांढऱ्या शेवंतीची दोन रोपं त्या हिरव्या झाडाच्या पायाशी ठेवा, हिरव्या-पांढऱ्याचा थाट लालपेक्षा मला तरी जास्त आवडतो. शेजारच्या आजी येऊन म्हणतीलच, ‘माय, आंगन कसं झगमग करी ऱ्हायनं!’

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची कापसाची शेती आहे. सहा वर्षांच्या मुलाने टीव्हीवर बर्फाने लदलेलं नाताळचं झाड बघितलं, तसंच अंगणात हवं म्हणतो. प्लास्टिकचं झाड परवडत नाही. घरचा कापूस वापरून करता येईल का?

उत्तर : येईल, आणि टीव्हीतल्यापेक्षा देखणं येईल. पण आधी एक गोष्ट.

मी दहा वर्षांची असताना आम्ही सुरूच्या फांदीवर कापूस पिंजून पसरला आणि खाली पणत्या मांडल्या. फांदी जराशी हलली. कापूस पेटत नाही, तो भडकतो. खालून वरपर्यंत जाळ जायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाच वेळ लागला. धाकट्या भावाच्या स्वेटरची बाही जळाली. आईने त्याला उचलून त्याचा हात हौदात बुडवून धरला, बराच वेळ. डाग अजून आहे. तेव्हा कापूस असेल तिथे पणती नको, मेणबत्ती नको, उदबत्तीसुद्धा नको.

झाडासाठी उंच, भरपूर फांद्यांची एक पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मुळासकट उपटा. वेचणी झाल्यावर रिकामी बोंडं उघडून राहतात, ती नीट बघा, प्रत्येक बोंड म्हणजे एक लाकडी चांदणी. चुन्यात थोडा डिंक घालून पऱ्हाटीला हात द्या, वाळली की पांढरीशुभ्र. घमेल्यात वाळू आणि दगड घालून उभी करा. कापूस पिंजून पसरू नका, सरकीसकट बोटाएवढा कापूस बोंडाबोंडांत खोचा. मूठभर पुरतो, वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडत नाही, आणि फांदीवर बर्फ साचल्यासारखा दिसतो. लांबून एखाद्या एलईडीचा उजेड झाडावर टाका. मुलाला बोंडं मोजायला लावा, तेवढा तास तुम्हाला भाकरी थापायला मिळेल.

निवडताना अर्धवट उघडलेली, किडकी, कवडी झालेली बोंडं तोडून जाळून टाका. गुलाबी बोंडअळी त्यांच्यातच दबा धरून बसते. म्हणून तर फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी संपलेलं पीक खत-पाणी देऊन पुढे लांबवू नका, डिसेंबरअखेर शेत रिकामं करा, असं कृषी खात्याची माणसं सांगत असतात. शेत मोकळं करून अळी अंगणात पाळायला नको. ६ जानेवारी झाली की कापूस काढून ठेवा, पऱ्हाटी मोडून चुलीत घाला आणि त्या जाळावर चहा ठेवा. मुलगा रडेल. एक चांदणी त्याच्या दप्तरात राहू द्या, मात्र आत बोट घालून बघा, रिकामी आहे ना.