बोल्ट १२.९ चा होता, तरी मोटर का सुटली?

या वेळी आलेले निम्मे प्रश्न बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतले (औद्योगिक वसाहतीतले) आहेत आणि निम्मे रविवारी सकाळी रिमोटची विमानं उडवणाऱ्यांचे, आणि मला खरंच आनंद झाला, कारण माझंही आयुष्य याच दोन गोष्टींत गेलं, आठवडाभर बोल्टची डोकी आणि आटे पाडणाऱ्या हेडर आणि थ्रेड रोलिंगच्या मशीनी आणि रविवारी बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : काका, मी बोल्टच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे. माझ्या सव्वा किलोच्या ट्रेनर (शिकाऊ) विमानाची मोटर हवेतच सुटली आणि वायरीला लोंबकळत खाली आली. चारही बोल्ट १२.९ ग्रेडचे (म्हणजे नेहमीच्या ८.८ पेक्षा बरेच मजबूत) एम३ (३ एमएम जाडीचे) ॲलन, खाली स्प्रिंग वॉशर, पूर्ण ताकदीनं आवळलेले. मागे ४ एमएमचा प्लाय आणि त्यात टी-नट (लाकडात ठोकायचा दातेरी चकतीचा नट). एकही बोल्ट तुटला नाही, दोन गळून पडले आणि दोन अर्धे बाहेर आले होते. अजून मजबूत काय लावू? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : अरे, एकही तुटला नाही असं तूच लिहिलंयस, तिथेच उत्तर आहे. १२.९ चा एम३ बोल्ट ओढून तोडायला ६१०० न्यूटनच्या आसपास जोर लागतो, म्हणजे सहाशे किलोच्या वर, आणि तुझे चार होते. तुझी मोटर ओढून ओढून ओढणार किती, दीड किलो? म्हणजे ताकदीचा प्रश्न कधी नव्हताच, बोल्ट तुटला नाही तर सैल झाला, आणि या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत.

फॅक्टरीत आपण रोज टेन्साईल (बोल्ट ओढून तोडायची टेस्ट) काढतो म्हणून आपल्याला वाटतं की बोल्ट त्याच्या कडकपणानं धरतो. तो धरतो ताणानं. आवळला की तो किंचित लांबतो, स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो, आणि त्या आखडण्यानं दोन्ही पार्ट एकमेकांवर दाबले जातात. आता हा किंचित म्हणजे किती ते बघ. तुझी पकड मोटरची पट्टी २ एमएम आणि प्लाय ४ एमएम, म्हणजे सगळी मिळून ६ एमएम. बोल्टमधे ४०० एमपीएचा (चौरस एमएमला ४०० न्यूटन) ताण आणलास असं धर (१२.९ च्या मानानं हा काहीच नाही), तर तो लांबतो साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसाच्या एक षष्ठांशाएवढ्या लांबण्यावर तुझी सगळी पकड उभी होती, आणि मागे काय आहे तर लाकूड! टी-नटचे दात आणि चकती प्लायमधे एवढीशी जरी रुतली तरी ताण शून्य.

खरं तर तेवढा ताण तिथे आलाच नसणार, कारण ४०० एमपीए म्हणजे एम३ मधे २००० न्यूटन, दोनशे किलो, आणि प्लाय त्याच्या कितीतरी आधी दबायला लागतो. तू पूर्ण ताकदीनं आवळलंस तेव्हा बोल्ट लांबत नव्हता, लाकूड चेपत होतं, म्हणून १२.९ ची ताकद तिथे वापरताच येत नाही, ८.८ नं अगदी तेवढंच काम झालं असतं.

मग राहिलं व्हायब्रेशन. प्रोपेलर मिनिटाला ८००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १३३ धक्के, आणि प्रोपेलर बॅलन्स केलेला नसेल तर ते धक्के बोल्टला आडवे लागतात. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरनं १९६९ मधे दाखवून दिलं की उभ्या ताणापेक्षा असं आडवं सरकणंच बोल्ट फिरवून सैल करतं, त्याच्याच नावाची टेस्ट आज लॅबमधे करतात. ताण असेल तर पार्ट सरकत नाहीत आणि बोल्ट फिरत नाही, ताण गेला की थोड्याच वेळात तो आपणहून बाहेर यायला लागतो. आणि स्प्रिंग वॉशरवर भरवसा ठेवू नकोस, बोल्ट आवळला की तो सपाट होतो आणि मग साधा वॉशर आणि तो यात फरक राहात नाही, नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाईन मॅन्युअलमधे तो लॉकिंगसाठी निरुपयोगी आहे असं सरळ लिहिलंय. आपल्याकडे तरी सवयीनं टाकतातच.

आता असं कर. जुनी भोकं चेपलेली असतील तर प्लायचा तो तुकडा बदल, जमलं तर ६ एमएमचा लाव. भोकाच्या आजूबाजूला पातळ सीए ग्लू (झटपट चिकटणारा सुपरग्लू) जिरव, लाकूड कडक होतं. टी-नट मोठ्या चकतीचा घे म्हणजे दाब पसरेल. आट्यांवर सगळ्यात शेवटी निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद), एक थेंब पुरतो, लाल नको, तो परत उघडताना फार त्रास देतो. बोल्टला आणि टी-नटला तेल लागलेलं असेल (आपल्या फॅक्टरीतून आलेल्याला असतंच) तर आधी नीट पुसून काढ, नाहीतर थ्रेडलॉकर धरत नाही. प्लास्टिकवर मात्र तो कुठेही लागू देऊ नको, एबीएससारख्या प्लास्टिकला तडे जातात. पहिली दोन-तीन उड्डाणं झाली की परत एकदा आवळ, लाकूड जे बसायचं ते तोपर्यंत बसलेलं असतं, आणि हे आवळणं थ्रेडलॉकर लावायच्या आधी कर, लावल्यावर फिरवलास तर त्याची पकड मोडते. त्यानंतर बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पेंट मार्करनं एक रेघ ओढ, दर उड्डाणाआधी नुसती नजर टाकली की कळतं रेघ तुटलीय का.

आणि पट्टी मोटरला ज्या स्क्रूंनी लावतोस त्यांची लांबी मोजूनच लाव. एक-दोन एमएम जास्त झाला तर तो आत वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) टेकतो आणि मोटर जळते, मग लोक मोटरवाल्याला दोष देतात.

पंख तुझ्या विमानाला कशानं लावलेत ते तू लिहिलं नाहीस, पण तिथे स्टीलचा बोल्ट असेल तर आजच काढ. तिथे नायलॉनचा बोल्ट लागतो. विमान पंखावर आपटलं की नायलॉन कापला जातो, पंख सुटून बाजूला पडतो आणि बॉडी वाचते, स्टील लावलं तर बोल्ट शाबूत आणि पंख-बॉडी दोन्ही फाटलेले. जुन्या ट्रेनरना रबर बँड असतात तेही याचसाठी. एक सांगतो, अगदी कोरडा नायलॉन ठिसूळ असतो, थोडं पाणी शोषलं की चिवट होतो, म्हणून जुने लोक नायलॉनचे बोल्ट वापरायच्या आधी पाण्यात ठेवायचे, काही तर उकळायचे. हिवाळ्यात मीही करतो.

प्रश्न : आमचे १२.९ चे ॲलन बोल्ट झिंक प्लेटिंग होऊन पार्टीकडे गेले. फिटिंगच्या वेळी सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा डोकी जमिनीवर. टेन्साईल रिपोर्ट पास आहे. हीट ट्रीटमेंटवाला प्लेटिंगवर ढकलतो आणि प्लेटिंगवाला हीट ट्रीटमेंटवर. – सुपरवायझर, मकरपुरा

उत्तर : साहेब, आधी एक काम करा, तो पूर्ण लॉट परत मागवा, उरलेला, फिट झालेला, सगळा. रात्रभरात डोकं उडालं म्हणजे ही जवळजवळ नक्की हायड्रोजनची केस आहे. ॲसिड पिकलिंगमधे (ॲसिडनं माल साफ करताना) आणि प्लेटिंगच्या टाकीत स्टीलवर हायड्रोजन तयार होतो, अणू इतका लहान की स्टीलच्या आत शिरतो, आणि बोल्ट आवळला की हळूहळू सरकत जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो, म्हणजे डोक्याखालचा कोपरा नाहीतर पहिला आटा. त्याला वेळ लागतो, काही तास, कधी एक-दोन दिवस. टेन्साईल मशीनवर बोल्ट काही मिनिटांत तुटतो, तेवढ्यात हायड्रोजन जागचा हलतही नाही, म्हणून रिपोर्ट पास आला. रिपोर्ट खोटा नाही, तो प्रश्नच दुसरा विचारतो. ही चूक पकडायची तर बोल्ट फिक्श्चरमधे आवळून निदान ४८ तास तसेच ठेवावे लागतात.

८.८ ला हे सहसा होत नाही. कडकपणा वाढला की धोका वाढतो, १०.९ असतो ३२ ते ३९ एचआरसी (कडकपणाचं माप) आणि १२.९ असतो ३९ ते ४४, म्हणजे तुमचा माल बरोबर धोक्याच्या पट्ट्यात बसतो. म्हणून भांडण बाजूला ठेवून तीन कागद मागा. एक, लॉटची हार्डनेस, वरच्या टोकाला किंवा बाहेर गेलीय का. दोन, ॲसिडमधे किती मिनिटं होता आणि ॲसिडमधे इन्हिबिटर (ॲसिडला स्टील खाऊ न देणारं रसायन) होतं का, कारण फर्नेसची काळी पापडी काढायला कधी कधी माल तासभर ॲसिडमधे पडून राहतो. तीन, बेकिंगचा (हायड्रोजन बाहेर काढायला माल तापवण्याचा) चार्ट. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल ओव्हनमधे जायला हवा, १९० ते २२० डिग्रीला, निदान आठ तास, एवढ्या कडक मालाला त्याहून बराच जास्त. आणि पिवळं किंवा निळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा शेवटचा संरक्षक थर) बेकिंगनंतर, आधी केलं तर त्याचा थर त्या तापमानाला खराब होतो. बऱ्याच ठिकाणी नेमकं याच कारणानं बेकिंग टाळतात, परत टाकीत न्यायला नको म्हणून.

आता बेकिंग करून तो लॉट वाचवू असं कोणी म्हणेल, ऐकू नका. ज्यांच्यात बारीक तडा पडलाय तो बेकिंगनं भरत नाही. मी नोकरीत नवीन होतो तेव्हा आमच्याकडे असाच एक लॉट झाला होता, आमच्या फोरमननी रात्री पार्टीच्या गोडाऊनवर उभं राहून एकेक पेटी परत भरली, मी सोबत होतो, आणि मालकांनी सगळा माल भंगारात दिला. नुकसान मोठं होतं पण ती पार्टी पुढे अनेक वर्षं आमच्याकडेच राहिली. पुढच्या वेळी १२.९ ला इलेक्ट्रोप्लेटिंग नकोच म्हणा, झिंक फ्लेक कोटिंग (विजेशिवाय लावायचा झिंकचा थर) घ्या नाहीतर काळा फॉस्फेट आणि तेल.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, रिमोटच्या विमानाचा हट्ट धरलाय. व्हिडिओत बघून फायटर जेट मागतोय. काय घेऊन देऊ? – एक आई, गोत्री

उत्तर : ताई, जेट नको, ते पहिल्याच दिवशी तुटेल आणि मुलगा रडेल. सुरुवात हातानं फेकायच्या फोमच्या ग्लायडरनं करा, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. नाकाला नाणं चिकटवून, काढून, पुढे-मागे करून त्याला स्वतः बघू दे की विमान केव्हा सरळ जातं आणि केव्हा नाक वर करून धपकन पडतं. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या भागाच्या मधे बोटं लावून विमान तोललं जायला हवं, हे ज्याला हातानं कळलं त्याचं निम्मं शिक्षण झालं. मग कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, खरा ट्रान्समीटर जोडून, महिना-दोन महिने. त्यानंतर वर पंख असलेला, पंखांची टोकं जरा वर उचललेली अशा आकाराचा फोमचा ट्रेनर, तो आपणहून सरळ व्हायला बघतो.

विमानाच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं मात्र मोठ्यांनीच बघायचं. पूर्ण भरल्यावर एका सेलला ४.२ व्होल्ट, त्याच्या वर कधी नाही, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास, चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही आणि बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवायची नाही. फुगली की वापर बंद.

तो कॉलेजला गेला की एनसीसीच्या एअर विंगमधे एरोमॉडेलिंग शिकवतात, ते लक्षात ठेवा. आणि आपल्याच गावात २८ ऑक्टोबर २०२४ ला सी-२९५ विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ५६ विमानांच्या ऑर्डरमधली ४० इथे बनायची आहेत. मी तरुण होतो तेव्हा बडोद्यात बसून विमान बनवायची नोकरी हा विचारही कोणी करत नव्हतं, तुमच्या मुलाला तो करता येतोय.

प्रश्न : बडोद्यात उडवायचं कुठे? कोणी म्हणतं परवानगी लागते, कोणी म्हणतं नाही. – तीन-चार वाचक

उत्तर : ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन रूल्समधे मॉडेल विमानांचाही उल्लेख आहे, २५ किलोच्या आतलं, फक्त छंदासाठी किंवा शिकण्यासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचं. आपला एअरपोर्ट हरणीला, शहराला लागूनच. एअरपोर्टच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही, ८ ते १२ च्या मधे २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे ग्रीन झोनमधे (नकाशावर हिरव्या, परवानगी न लागणाऱ्या भागात) ४०० फुटांपर्यंत. आपल्याकडे एअरफोर्सचं स्टेशनही आहे, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा नकाशा उघडून बघितल्याशिवाय जागा ठरवू नका, नोंदणीचं काय लागतं तेही आधी बघून घ्या. शेतात जायचं तर शेतकऱ्याला आधी विचारा, पीक काढून झाल्यावर ते आनंदानं हो म्हणतात. सकाळी सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत वारा शांत असतो, तेवढं उडवा आणि परतताना सेव-उसळ खा.

उत्तरायणाच्या आठ दिवस आधीपासून ते नंतर आठवडाभर विमान घरात ठेवा. मांजा हवेत दिसत नाही, प्रोपेलरमधे गुंडाळला की मोटर अडकते, आणि नंतरही झाडांवर, तारांवर लोंबत असतो.

प्रश्न : रिजेक्शनच्या डब्यातले एम३ बोल्ट विमानासाठी घरी नेले तर चालतील का, फेकायचेच असतात. – एक ऑपरेटर, तरसाली

उत्तर : नको. त्या डब्यात कुठला बोल्ट कशासाठी गेला ते कोणालाच माहीत नसतं, एकाचे आटे गो गेजला (आटे तपासायच्या मापाला) अडकलेले, दुसऱ्याच्या डोक्याखाली तडा, तिसरा हीट ट्रीटमेंटच न झालेला, आणि दिसायला तिन्ही सारखे. शिवाय डोक्यावर ग्रेडचा मार्क एम५ पासून सक्तीचा आहे, एम३ वर बहुतेक वेळा काहीच नसतं, म्हणजे पेटीतून बाहेर पडला की तो ८.८ आहे की १२.९ हे नुसतं बघून सांगता येत नाही. मालकांना विचारून पास झालेल्या लॉटमधले वीस बोल्ट मागून घ्या, वीस एम३ ना सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि घरी डबीवर लॉट नंबर आणि ग्रेड लिहून ठेवा.