रात्रीची नदी आणि गळाची दोरी

प्रश्न : आम्ही चौघे मित्र नोकरदार असल्यामुळे दिवसा सवड मिळत नाही, म्हणून शहरातून वाहणाऱ्या नदीवर एक रात्र गळ टाकून बसण्याचा बेत केला आहे. घरचे म्हणतात की त्या पाण्यात मासे उरलेच कुठे, आणि असले तरी अंधारात त्यांना आमिष दिसणार कसे? जागा कशी निवडावी, कोणती काळजी घ्यावी आणि मिळालेला मासा खावा का, हे कृपया सांगावे.

उत्तर : घरच्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो. शहरातली नदी मेली, असे आपण फार लवकर म्हणून टाकतो. लंडनमधून वाहणारी टेम्स नदी ‘जैविकदृष्ट्या मृत’ असल्याचा निर्वाळा 1957 साली तेथील नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शास्त्रज्ञांनी दिला होता, आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारल्यानंतर त्याच नदीत पुढे शंभराहून अधिक जातींच्या माशांची नोंद झाली. तुमच्या नदीत काय आहे, हे पाण्याच्या रंगावरून ठरवू नका. संध्याकाळी काठावर अर्धा तास शांत बसलात तर पृष्ठभागावर उठणारी वर्तुळे बरेच काही सांगतील.

अंधारात आमिष दिसण्याची गरज नसते. कॅटफिश म्हणून ओळखले जाणारे मिशाळ मासे रात्रीच खरे बाहेर पडतात. त्यांच्या मिशांवर आणि अंगाच्या कातडीवरही चव ओळखणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही ते तळ चाचपत गांडुळापर्यंत बरोबर पोहोचतात. त्याशिवाय, माशांच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेषा असते आणि तिच्यामुळे त्यांना पाण्यातली बारीक हालचालही कळते. काठावरून धपधप चालणे, दगड ढकलणे हे सारे त्यांच्यापर्यंत पोहोचते. म्हणूनच चौघे हा आकडा मला योग्य वाटतो; आठ-दहा जण जमले की गप्पा चांगल्या रंगतात, मासेमारी मात्र होत नाही.

शहरातल्या नदीचा एक फायदा गावाबाहेरच्या नदीला नसतो, तो म्हणजे पुलावरचे दिवे. दिव्यांभोवती किडे जमतात, त्यांतले काही पाण्यात पडतात, ते टिपायला लहान मासे उजेडात येतात आणि त्यांच्यावर टपलेले मोठे मासे, जिथे पुलाची सावली सुरू होते, त्या कडेच्या आत अंधारात थांबतात. गळ उजेडाच्या मध्यावर न टाकता या कडेला, सावलीच्या बाजूने टाका. स्वतःजवळचा दिवा शक्यतो लाल उजेडाचा ठेवा आणि तो पाण्यावर मारू नका. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याचा एक झोत ती सारी मेहनत घालवतो.

तरीही माझ्या मते या बेतातले सर्वांत महत्त्वाचे काम रात्रीचे नाहीच. ज्या दिवशी जाणार त्याच्या आदल्या दिवशी, उजेडी, जागा पाहून या. बसणार कुठे, उतरायची वाट कोणती, चढून परत येताना हाताला काय धरता येईल, शेवाळलेली पायरी कोणती, हे चौघांनीही स्वतः पाहिले पाहिजे, कारण रात्री एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. पुलाच्या खांबांपाशी प्रवाह तळ खणत असल्यामुळे तिथे एकाएकी खोल पाणी लागते. बंधाऱ्याच्या लगतची खालची बाजू तर पूर्ण वर्ज्य समजा. तिथले उलटे फिरणारे पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा आत ओढते. डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या असतील तर ती जागा सोडा, कारण कार्बन फायबरच्या रॉडमधून वीज वाहते. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात याची चौकशी करा, आणि तिथे रात्रीच्या मासेमारीला परवानगी आहे का, परवाना लागतो का, हेही आधीच विचारून घ्या.

मोठा पाऊस होऊन गेल्यावर दोन-तीन दिवस जाऊ नये. अनेक शहरांत पावसाचे आणि मैल्याचे पाणी एकाच वाहिनीतून जाते आणि ती भरली की सगळे नदीत उतरते.

गळ टाकून झाल्यावर दोरी किंचित ताणून ठेवा आणि रॉडच्या टोकाला लहान घंटी बांधा. मिशाळ मासा लागला की आधी टोक दोन-तीनदा हलकेच मान डोलावते, घंटी जेमतेम किणकिणते, मग क्षणभर काहीच होत नाही, आणि नंतर एकच लांब ओढ येते. नवखा माणूस पहिल्याच किणकिणीला झटका देतो आणि रिकामा गळ हाती येतो. टोक आत वळलेला गोल गळ वापरलात तर झटका देण्याची गरजच नसते. सावकाश दोरी गुंडाळत गेलात की तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो आणि मासा सोडायचा झाला तरी त्याला फारशी इजा होत नाही. सोडवताना हात ओले करा. पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांतले काटे टणक व टोकदार असतात, त्यांच्यापासून बोटे जपा.

खाण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : शहरातून खाली आलेल्या पाण्यातला मासा, त्या पट्ट्याची तपासणी होऊन तो खाण्याजोगा असल्याचे जाहीर झालेले नसेल, तर खाऊ नका. पारा माशाच्या मांसातच साठतो, तो शिजवून वा धुऊन जात नाही, आणि मोठ्या, वयस्क शिकारी माशात तो अधिक असतो. मासा पाहा, हवा तर फोटो काढा आणि पाण्यात सोडा. तुटलेली नायलॉनची दोरी मात्र एक वीतही मागे ठेवू नका. तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

प्रश्न : मागच्या महिन्यात अशाच एका रात्री आमचा मित्र घसरून कमरेएवढ्या पाण्यात पडला. आम्ही दोघांनी उडी मारून त्याला काढले. पायाला खरचटले होते, पण आता तो ठीक आहे. आम्ही केले ते बरोबर होते का?

उत्तर : तुमची माया समजते, पण उडी मारणे चुकीचे होते. अंधारात, ओळख नसलेल्या तळाच्या पाण्यात एका माणसाच्या जागी तीन माणसे अडकू शकली असती. प्रथम काठावर पालथे पडून काठी किंवा रॉडची मूठ पुढे करा, ती पोहोचत नसेल तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका आणि त्याच वेळी दुसऱ्याने मदतीसाठी फोन करावा. पुढच्या खेपेस पंधरा-वीस मीटर दोर सोबत असू द्या आणि पाण्याच्या कडेला बसणाऱ्याने तरंगणारे जाकीट घालावे.

खरचटलेल्या पायाकडे दुर्लक्ष करू नका. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात आणि लक्षणे दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. या मुदतीत मित्राला ताप आला, डोके वा पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तो नदीच्या पाण्यात पडला होता हे त्यांना आवर्जून सांगा, कारण ते न सांगितल्यास साधा ताप समजून उपचारांना उशीर होण्याची शक्यता असते.