घरून काम करतेस ना, मग लिही

पोरी,

परवा पोवई नाक्यावर भेटलीस, चेहरा बघूनच कळलं. तीन दिवस पुणे, दोन दिवस सातारा, आणि साहेब म्हणतात घरी असलीस की काम दिसत नाही. नोकरी सोडू का पुण्यात रूम घेऊ, विचारत होतीस. दोन्ही नको. केलेलं काम लिहायला लाग.

घरून काम कमी होतं हे खरं नाही. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या कंपनीने १६१२ जणांवर प्रयोग केला, अर्ध्यांना दोन दिवस घरून काम, म्हणजे तुझ्यासारखंच. कामगिरीत, बढतीत काही फरक नाही, उलट नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले. पण तिथे दर सहा महिन्यांनी कामाचं नीट मूल्यमापन व्हायचं. याच कंपनीने २०१०-११ मध्ये कॉल सेंटरची माणसं नऊ महिने जवळजवळ पूर्ण घरी बसवली होती, तेव्हा काम १३ टक्के वाढलं, पण तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसवाल्यांपेक्षा बढती कमी मिळाली. दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय.

माझं हेच झालं गं. मार्च २०२० ला लॅपटॉप घेऊन साताऱ्याला आलो, आई आजारी म्हणून पुढेही घरूनच, रात्री अकरा-अकरापर्यंत क्लायंटचे प्रॉब्लेम सोडवले आणि अप्रेझलला साहेबांनी विचारलं, यंदा नक्की काय केलंस, तर मला धड तीन गोष्टी सांगता येईनात. प्रमोशन रोज समोर दिसणाऱ्याला गेलं. लोक म्हणतात साताऱ्यात राहिलास म्हणून मागे पडलास. अजिबात नाही. आईची शेवटची दोन वर्षं मी तिच्याजवळ होतो, पुण्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट चढत-उतरत असतो तर ती मिळाली नसती. पश्चात्ताप साताऱ्याचा नाही, लिहिलं नाही त्याचा आहे.

आणि ‘आपलं आपण काय सांगायचं’ हे मला ऐकवू नकोस. मी पण तेच म्हणायचो. लॅपटॉप मिटायच्या आधी चार ओळी, काय संपलं, काय अडलं, कोणाकडे अडलं. ‘दिवसभर बिझी होते’ असलं काही नको, त्याला काही अर्थ नाही. पुण्यात असशील त्या दिवशी पण लिही, घरी असशील त्या दिवशी पण लिही. कंटाळा आला तरी लिही.

आजचं लिहून आधी मला पाठव, रात्री कितीही वाजले तरी बघतो. उद्यापासून थेट साहेबांना.

तुझा काका