हातपंपाने नदीतलं सोनं ओढलं तर चालतं का?

प्रश्न: काका, आम्ही फ्रीमाँटला राहतो. मुलाला चौथीत गोल्ड रश, म्हणजे इथली सोन्यासाठीची धावपळ, शिकवला तेव्हापासून दर उन्हाळ्यात कोलोमाला अमेरिकन नदीवर पॅन (वाळू धुऊन सोनं वेगळं करायची पसरट थाळी) घेऊन जातो, दोनचार कण मिळतात, मजा येते. आता त्याने ऑनलाइन एक हाताने ओढायचा सक्शन पंप बघून ठेवलाय, मोटर नाही, बॅटरी नाही. पण ओळखीतले एकजण म्हणाले कॅलिफोर्नियात सक्शनवर बंदी आहे, दंड होईल. घेऊ की नको?

उत्तर: पंप बेकायदा नाही, पण तुम्ही जिथे जाता तिथे तो चालणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लोकांचा घोळ इथेच होतो.

आधी बंदीचं सांगतो. ड्रेज म्हणजे पाण्यावर तरंगणारं इंजिन, त्याला जाड होज म्हणजे नळी, ती तळातली वाळू-गोटे ओढते. २००९ च्या ऑगस्टपासून राज्याने हे थांबवलंय. पुढे २०१२ च्या नियमात ड्रेज कशाला म्हणायचं तर होज, मोटर आणि स्लूस बॉक्स (वाळू धुऊन सोनं अडकवणारी उतरती पेटी) तिन्ही असतील त्याला, मग काही लोकांनी स्लूस बॉक्स काढून टाकला आणि हे ड्रेजच नाही म्हणून काम चालू ठेवलं, म्हणून १ जानेवारी २०१६ पासून व्याख्या रुंद केली, तळातला माल काढायला किंवा धुवायला कुठलीही मोटर लावली की झालंच ते ड्रेजिंग. पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की मोटर नसलेलं हौशी काम, पॅनिंग धरून, याला हे लागू नाही. तुमच्या मुलाचा पंप त्यात बसतो. बॅटरीचा छोटा पंप मात्र बसत नाही, बॅटरी असली तरी मोटर ती मोटरच. आणि बंदी असलेल्या पाण्यापासून १०० यार्डांच्या आत ड्रेज नुसतं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे कुणा मित्राचं मशीन गाडीत टाकून नदीवर नेऊ नका.

आता कोलोमा. १८४८ च्या २४ जानेवारीला जेम्स मार्शलला सोनं दिसलं आणि गोल्ड रश सुरू झाला ती जागा आज स्टेट पार्क आहे आणि तिथे नियम एकच, हात आणि पॅन. फावडं नाही, पंप नाही, काही नाही. तेव्हा पंप घरी ठेवा.

तो वापरायचा तर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याच्या जमिनीवर, तिथे हाताच्या अवजारांनी थोडंफार काम करायला साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. फक्त आधी त्यांच्याकडून त्या जागेवर कुणाचा क्लेम, म्हणजे तिथलं खनिज काढायचा नोंदवलेला हक्क, आहे का ते बघून घ्या, नदीवर पाटी नसली तरी क्लेम असू शकतो, आणि दुसऱ्याच्या क्लेममधलं सोनं उचलणं म्हणजे चोरी.

पंप कसा चालतो ते ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: होळीची पिचकारी आठवा. नळी खडकाच्या फटीत घालायची, दांडा ओढायचा, वाळू-पाणी आत येतं, मग बादलीत सोडायचं आणि पॅनमध्ये धुवायचं. सोनं जड, ते फटीच्या तळाशी बसतं, बोट पोचत नाही तिथे नळी पोचते. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी असायचे, जडपणावर चालणारी युक्ती तीच.

आणि एक कळकळीने सांगतो. बंदी उगाच नाही आली. सॅमन मासे तळातल्या गोट्यांमध्ये अंडी घालतात. नदीत कुठे आजूबाजूपेक्षा फिकट, स्वच्छ गोट्यांचा लांबट गोल पट्टा दिसला तर तिथे पाय पण ठेवू नका, पंप तर नाहीच. गोल्ड रशमध्ये सोनं धरायला पारा वापरायचे, त्यातला खूप पारा अजून गाळात आहे, ढवळला की पुढे माशांच्या अंगात जातो आणि ते मासे आपण खातो. पॅनमध्ये चांदीसारखे थरथरणारे थेंब किंवा पांढरट पडलेला सोन्याचा कण दिसला तर मुलाला हात लावू देऊ नका, नदीत परत टाकू नका, आणि घरी गॅसवर तापवून पारा उडवायचा प्रकार तर अजिबात करू नका, ती वाफ विषारी असते. घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि आपल्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रात नेऊन द्या.