आयनिक द्रव की आयनिक द्रावण?

ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं छोट्या उपग्रहांच्या इंजिनांवर तक्ता करताहेत. त्यात 'आयॉनिक लिक्विड आयन सोर्स' याचं मराठी त्यांनी 'आयनयुक्त द्रावण आयन स्त्रोत' असं केलं. हे चालेल का? शाळेतल्या एका सरांचं म्हणणं असं की त्यापेक्षा सरळ 'द्रवरूप क्षार' म्हणा.

ताई, 'द्रावण' नाही चालणार. द्रावण म्हटलं की विरघळलेलं काहीतरी आलं आणि ते ज्यात विरघळलं तेही आलं. पाठ्यपुस्तकात द्राव्य आणि द्रावक. ठाणे खाडीचं पाणी हे द्रावण. मिठागरात ते अडवलं, उन्हाने पाणी उडालं, मीठ खाली राहिलं. आयनिक द्रवात उडून जायला द्रावकच नसतो. तो सगळाच्या सगळा मीठ असतो, फक्त वितळलेला. खायचं मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअस लागतात, कारण सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, लहान नि आटोपशीर, एकमेकांना घट्ट धरून बसतात. आयन मोठे, बेढब असले की ही बैठक जमत नाही आणि मीठ साध्या तापमानालाही पातळ राहतं. पॉल वाल्डेन यांनी 1914 साली नोंदवलेलं इथिल अमोनियम नायट्रेट 12 अंशांच्या आसपास वितळतं. ठाण्याच्या जानेवारीतही ते सहसा गोठायचं नाही.

आणि हा फरक नुसता कोशातला नाही, आयन स्रोताचं सगळं यंत्रच त्यावर चालतं. निर्वातात पाणी उघडं ठेवलं तर उकळतं आणि गोठतंही. आयनिक द्रवाची वाफ जवळपास होतच नाही, म्हणून तो अवकाशात उघड्यावर तसाच राहतो. सूक्ष्म टोकावर त्याचा ओलावा पसरवायचा, समोर भोक असलेली धातूची पट्टी ठेवायची आणि दोहोंमध्ये एक-दोन हजार व्होल्टचा विद्युतदाब द्यायचा. द्रव ताणला जाऊन त्याचा शंकू होतो. जी. आय. टेलर यांनी 1964 मध्ये त्याचं गणित मांडलं म्हणून तो टेलर शंकू. शंकूच्या अग्राशी विद्युतक्षेत्र नॅनोमीटरला एक व्होल्टच्या घरात पोचलं की द्रवातून थेट आयन सुटतात. धन हवे तर धन, दाब उलटा केला की ऋण.

सरांचा 'क्षार' मराठीत बरोबर आहे. आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी, हे आपण शाळेतच शिकलो. पण मुलं हिंदीतली माहितीही चाळणार, आणि हिंदीत क्षार म्हणजे आपली आम्लारी. आपल्या क्षाराला तिथे लवण म्हणतात. शिवाय आमच्याकडे 'क्षार' म्हटलं की लोकांना बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर धरलेला पांढरा थर आठवतो. तेव्हा 'आयनिक द्रव' हेच ठेवा. इक प्रत्ययाने पहिल्या स्वराची वृद्धी होते (दिन, दैनिक). इथे तो आधीच 'आ' असल्याने व्याकरणाचीही कुरकूर नाही.

'स्त्रोत' मात्र खोडा. शब्द 'स्रोत' आहे, त्यात त नाही. 'स्तोत्र'च्या संगतीने तो घुसतो, अगदी छापील मजकुरातही.

आता 'आयन'. फॅरडे यांनी 1834 मध्ये हा शब्द रूढ केला, सुचवला होता व्हेवेल यांनी. मूळ ग्रीक, अर्थ 'जाणारा'. ग्रीकमधला जाण्याचा धातू आणि संस्कृतमधला 'इ' हे एकाच कुळातले, आणि त्या 'इ'पासूनच 'अयन' झालं. म्हणजे उत्तरायणातलं अयन आणि हा आयन दूरचे भाऊबंद निघतात! मला तरी परभाषेतला शब्द इतका घरचा निघालेला क्वचितच आढळलाय.

'बीम'साठी तुम्ही दोन्हीकडे 'झोत' लिहिलंय. उपग्रहाला ढकलतो तो झोत, ठीक. पण याच स्रोतातले आयन भिंगांनी एका बिंदूवर आणून चिपवर नॅनोमीटरच्या मापाचं कोरीव काम करायचं असेल, तर 'शलाका' म्हणा. प्रकाशशलाका मुलांना ठाऊक आहेच. या कामाला बहुतेक ठिकाणी वितळलेलं गॅलियम वापरतात. ते नमुन्यात रुतून बसतं, ही तक्रार जुनी. आयनिक द्रवात आयन निवडायला मोकळीक असते, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेलं.

तक्त्यात कुठे 'इंधन' लिहिलं असेल तर तेही बदला, इथे काहीच जळत नाही. 'प्रणोदक' (प्रोपेलंट) मुलांना जड जाईल. 'बाहेर फेकायचा द्रव' लिहिलं तरी पुरे. आकडा हवा असेल तर 2015 मध्ये अवकाशात गेलेल्या लिसा पाथफाइंडर या युरोपीय यानाचा द्या. त्यावर आयनिक द्रवाचे विद्युतभारित थेंब फेकणारी छोटी इंजिनं होती आणि त्यांचा जोर 5 ते 30 मायक्रोन्यूटन होता. 30 मायक्रोन्यूटन म्हणजे साधारण तीन मिलिग्रॅमचं वजन.